विश्लेषण : ज्या गॉथिक मंडईला विरोध केला, तिलाच महात्मा फुल्यांचे नाव कसे?

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात पहाटे गाड्या खाली होतात, हमालांच्या पाठीवरून पोती उतरतात आणि शहराचे पोट भरण्याचे काम सुरू होते. तिथला माल उचलून किरकोळ विक्रेते शहरभर जातात. त्यातले काही जातात मंडईत. उंच मनोरा, टोकदार कमानी, अष्टकोनी मध्यभाग आणि त्यातून फुटलेल्या आठ बाजू. या दगडी इमारतीला पुणेकर नुसते मंडई म्हणतात. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात तिची शैली गॉथिक अशी नोंदवली जाते आणि पाटीवर नाव असते महात्मा फुले मंडई.

गॉथिक हा शब्द सध्या वेगळ्याच कारणाने तरुणांच्या मोबाइलवर आहे. काळे कपडे, काळी लिपस्टिक, लेस, चांदीच्या जाडजूड अंगठ्या, पायात जड बूट अशी गॉथ फॅशन २०२२ मध्ये आलेल्या ‘वेन्सडे’ या मालिकेनंतर पुन्हा चर्चेत आली. असे कपडे ऑनलाइन मागवता येतात आणि हौस दांडगी पण खिसा हलका असेल, तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही काहीबाही हाती लागते. मंडईचा मनोरा आणि ही काळी लिपस्टिक यांचा एकमेकींशी संबंध आहे. त्या दोघींच्या मधे उभा राहिलेला माणूस म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले. इमारत आणि पोशाख या दोन्हींकडे त्यांनी एकाच प्रश्नातून पाहिले : हा थाट कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी?

गॉथिक म्हणजे नेमके काय?

मुळात ही शिवी होती. गॉथ ही युरोपातील एक टोळी. तिने इसवी सन ४१० मध्ये रोम लुटले. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये टोकदार कमानी, उंच छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या असलेली चर्चे बांधली जाऊ लागली. काही शतकांनी इटलीतील विद्वानांना ही शैली रानटी वाटली, म्हणून त्यांनी तिला गॉथ लोकांचे नाव चिकटवले. त्या टोळीचा या बांधकामाशी काडीचाही संबंध नव्हता.

पुढे ब्रिटनमध्ये कारखाने आले, धूर आला आणि जुन्या काळाची ओढ लागली. १८३४ मध्ये लंडनचे संसद भवन जळाले, तेव्हा नवे भवन गॉथिक शैलीत बांधायचे ठरले. रेल्वेगाडीच्या युगात मध्ययुगाची नक्कल, असा हा प्रकार होता. साम्राज्याबरोबर ती आठवण मुंबई-पुण्यात आली. राजाबाई टॉवर, व्हिक्टोरिया टर्मिनस ही तिचीच अपत्ये. जी आपली कधीच नव्हती, अशा भूतकाळाची आठवण आपल्या शहरांत दगडात बांधली गेली आणि दीडशे वर्षांत ती आपलीही झाली.

कपड्यांतले गॉथ याच काळातून येते. डिसेंबर १८६१ मध्ये पती अल्बर्टच्या मृत्यूनंतर राणी व्हिक्टोरियाने जे काळे कपडे चढवले, ते १९०१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत उतरवले नाहीत. राणीने केले म्हटल्यावर शोकाचीही फॅशन झाली. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर तर १८४१ पासूनच केवळ सुतकाचे कपडे विकणारे मोठे दुकान होते. विधवेने किती महिने कोणते कापड वापरावे, याचे नियम होते आणि त्या प्रत्येक नियमामागे एक खरेदी होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील पंक संगीताच्या वर्तुळातून काही तरुण बाहेर पडले आणि त्यांनी आजीच्या पेटीतले ते काळे कापड, लेस, क्रूस पुन्हा बाहेर काढले. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात सुरू झालेला बॅटकेव्ह क्लब हे त्यांचे ठिकाण झाले. चारचौघांना नकोसा वाटणारा वेश मुद्दाम घालून चारचौघांत जायचे, हे या पंथाचे सूत्र. (आपल्याकडे काळी चंद्रकळा नेसायला संक्रांत पुरते, ही गोष्ट वेगळी.)

काळ्या वेशातल्या त्या राणीचा मुलगा प्रिन्स आर्थर, म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्याच्या या कथेत दोनदा येतो. एकदा मंडईच्या उद्घाटनाला आणि एकदा फुल्यांच्या समोर.

फुले आणि बाजार : नाते काय होते?

घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पेशवाईत पुण्यात दरबाराला फुले पुरवण्याचा व्यवसाय असल्याने लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले. म्हणजे जोतीरावांचे नावच एका दुकानावरून आले आहे. जन्म ११ एप्रिल १८२७. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना सांभाळले. वडील गोविंदराव शेती करत आणि भाजी-फुलांचा व्यापार सांभाळत.

माळ्याच्या मुलाला जास्त शिकवून काय करायचे, असे सांगणारे लोक भेटल्याने गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. दरम्यान १८४० मध्ये सावित्रीबाईंशी विवाह झाला होता. १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असताना जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकला जाई. शाळेत पोहोचल्यावर बदलायला त्या दुसरे लुगडे बरोबर ठेवत. वडिलांवर दबाव आला आणि १८४९ मध्ये या जोडप्याला घर सोडावे लागले.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन जोतीरावांचा सत्कार झाला. शाल म्हणजे त्या काळी मानाचा पोशाख. ही शाल लक्षात ठेवावी, कारण पुढे याच माणसाच्या खांद्यावर घोंगडी येणार आहे.

फुले म्हटले की शाळा, सत्यशोधक समाज आणि ग्रंथ आठवतात. ते हिशेब जाणणारे व्यावसायिक होते, हे फारसे सांगितले जात नाही. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीमार्फत त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. येरवड्याचा पूल आणि खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. धातू ओतण्यासाठी लागणाऱ्या साच्यांची एजन्सी त्यांनी चालवली. मांजरीला शेती केली. बांधकामात दगड-चुन्याचा खर्च कुठे वाढतो, मजुराच्या हातात किती पडते आणि मधे किती गळते, हे त्यांनी ठेकेदार म्हणून जवळून पाहिले होते. म्हणून नगरपालिकेत एखाद्या इमारतीचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यावर बोलणारा माणूस बांधकामातला आणि बाजारातलाही होता.

नगरपालिकेत विरोध कशासाठी?

१८७६ पासून काही वर्षे फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. हा काळ साधा नव्हता. १८७६-७७ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे उपासमार झालेल्या मुलांसाठी छावणी काढली. तिचे नाव व्हिक्टोरिया बालाश्रम. आजच्या मार्केट यार्डापासून सातारा रस्त्याने थोडे पुढे गेले की धनकवडी लागते. शहराचे धान्य आज जिथे उतरते, त्याच्या जवळच तेव्हा भुकेल्या मुलांना जेवू घातले जात होते.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. हे तेच लिटन, ज्यांनी दुष्काळ सुरू असताना १८७७ चा दिल्ली दरबार भरवला आणि १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला. करदात्यांचा पैसा अशा पाहुण्यावर उधळण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असे फुल्यांचे म्हणणे होते. बत्तीस नियुक्त सदस्यांपैकी विरोधात मत देणारे ते एकटे होते.

मग मंडईचा विषय आला. तोवर पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात विकली जात होती. उघड्यावरचा बाजार, चिखल, माशा, दाटी. त्याऐवजी शुक्रवार पेठेत भव्य, बंदिस्त बाजारपेठ बांधायची कल्पना नगरपालिकेने उचलली. खर्च लाखांच्या घरात जाणार होता. फुले आणि त्यांचे मित्र हरी रावजी चिपळूणकर यांनी याला विरोध केला. शहरातील बहुसंख्य मुलांना प्राथमिक शाळा नाही आणि नगरपालिका मनोऱ्याच्या बाजाराला लाखो रुपये लावते, हा त्यांचा आक्षेप होता.

हा विरोध बाजाराच्या विरोधातला नव्हता, हे नीट समजून घ्यायला हवे. भाजीवाल्याचा मुलगा भाजीच्या बाजाराला कशाला विरोध करेल? भाजी विकायला छप्पर लागते, ओटा लागतो, पाणी लागते. टोकदार कमानी आणि मनोरा मात्र भाजीला लागत नाहीत. ते बांधणाऱ्याच्या रुबाबाला लागतात. फुल्यांची बाजू हरली. मात्र स्वच्छ, छपराखालचा बाजार ही शहराची खरी गरज होती आणि ती या इमारतीने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ भागवली, हेही मान्य करावे लागते. प्राधान्य कशाला, हा वाद तेव्हा खरा होता आणि दोन्हीकडे काही तथ्य होते.

वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधलेली ही इमारत १८८६ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते खुली झाली. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिचे बारसे झाले : रे मार्केट.

‘शेतकऱ्याचा असूड’मधली गाडी कुठे अडते?

मंडई उभी राहत असतानाच, १८८३ मध्ये, फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले. त्यातला काही भाग त्यांनी बडोद्याला जाऊन सयाजीराव गायकवाडांना वाचून दाखवला होता. पुस्तकात शेतकऱ्याच्या घराचे, भाकरीचे, अंगावरच्या फाटक्या कपड्यांचे बारीक वर्णन आहे. विलायती माल स्वस्तात आल्याने इथले विणकर, कारागीर कसे बसले आणि जमिनीवर कसे लोटले गेले, तेही आहे.

मंडईच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे तो शहरात भाजी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा. वेशीवर जकात, बाजारात दलाली, त्यात गाडीभाडे. सगळे वजा जाता माल पिकवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही; कधी कधी तर भाडेही अंगावर पडते आणि रिकाम्या हाताने घरी जावे लागते. मेजावर बसून केलेले हे चित्रण नाही. वडिलांचे दुकान, स्वतःचा मळा आणि नगरपालिकेतले कागद या तिन्ही बाजूंनी त्यांनी तो व्यवहार पाहिला होता.

वाचताना एक गोष्ट जाणवते. शहराला मंडई दिसते ती समोरून; कमान, घड्या घातलेली मेथी, रचलेले टोमॅटो. फुले ती मागच्या दाराने पाहतात, जिथे गाडी खाली होते.

२ मार्च १८८८ : मेजवानीत घोंगडी कशी आली?

ड्यूक ऑफ कॅनॉट मुंबईच्या लष्कराचे प्रमुख म्हणून पुण्यात होते. त्यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. मंडईच्या विरोधात फुल्यांबरोबर उभे राहिलेले हेच ते चिपळूणकर. त्याच मंडईचे उद्घाटन करणाऱ्या राजपुत्राला त्यांनी जेवायला बोलावले होते. सार्वजनिक जीवनात अशा गाठी पडतात. आमंत्रितांत संस्थानिक, सरदार, धनिक होते. रेशीम, जरी, हिरे-मोती असा तो थाट.

फुले आले ते शेतकऱ्याच्या वेशात. डोक्याला फाटके पागोटे, खांद्यावर घोंगडी, जीर्ण धोतर, पायात झिजलेल्या वहाणा. दारावर त्यांना अडवले गेले. यजमानांनी स्वतः येऊन आत नेले. जेवणानंतर ते बोलायला उभे राहिले आणि थेट इंग्रजीत बोलले. या मेजवानीतल्या दागिन्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नये. खरी प्रजा खेड्यात आहे, ती उपाशी, उघडी आणि निरक्षर आहे, आणि तिच्या शिक्षणाची सोय करावी हा निरोप आईसाहेबांना, म्हणजे राणीला पोहोचवावा, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

हा वेश त्यांचा रोजचा नव्हता, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. जोतीरावांची प्रचलित चित्रे पाहिली तर नीटनेटके पागोटे, अंगरखा, उपरणे असा स्वच्छ पोशाख दिसतो. कंत्राटदार, लेखक, माजी नगरपालिका सदस्य, सरकारी शाल मिळालेले हे गृहस्थ. त्यांना रेशमी उपरणे परवडत नव्हते असे नाही. त्या संध्याकाळी घोंगडी ही विचारपूर्वक केलेली निवड होती. जे लोक त्या दारातून आत येऊ शकत नव्हते, त्यांचा वेश त्यांनी आत नेला. एरवी ज्या पोशाखाकडे दारवानही तुच्छतेने पाहतो, तोच पोशाख राजपुत्रासमोर न बोलता अर्धे भाषण करून गेला. उरलेले अर्धे इंग्रजीत झाले आणि त्यानेच उपस्थितांची जास्त पंचाईत झाली असणार, कारण घोंगडी घातलेल्या माणसाने मराठीत गाऱ्हाणे मांडावे अशीच सर्वांची अपेक्षा होती.

विरोधी वेशाची ही युक्ती पुढे युरोपात पंक आणि गॉथ तरुणांनी वापरली. फरक इतकाच की तिथे वेश स्वतःबद्दल बोलतो. फुल्यांची घोंगडी दुसऱ्यांबद्दल बोलत होती. दोन महिन्यांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईतील मांडवी येथे जाहीर सभेत त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली.

अखेरची वर्षे कशी गेली?

जुलै १८८८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. कमाई थांबली होती, घरात चणचण होती. सयाजीराव गायकवाडांकडून मदत आली. या अवस्थेत फुल्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पूर्ण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, भटजीशिवाय लावले. लग्नाचा बडेजाव आणि त्यासाठीचे कर्ज हा त्यांच्या टीकेचा जुना विषय होता; घरच्या लग्नातही त्यांनी तो पाळला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी गंज पेठेतील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. आपला देह दहन न करता मीठ घालून पुरावा अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. राहत्या वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेत त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले होते, तिने शेवटची विनंतीही फेटाळली. दहन झाले. टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या.

रे मार्केटचे नाव कसे बदलले?

सहज बदलले नाही. मंडईच्या चौकात आधी आला तो लोकमान्य टिळकांचा पुतळा. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. (१८८२ मध्ये बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना जामीन हवा होता, तेव्हा तो मिळवून देण्यात फुल्यांचा हात होता. रामशेठ उरवणे यांनी ती रक्कम भरली.) पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुल्यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला आणि ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाने पुणे ढवळून निघाले. मृत्यूनंतर ३५ वर्षांनीही फुले नगरपालिकेत मते हरत होते.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नामकरण महात्मा फुले मंडई असे झाले. याच अत्र्यांनी पुढे ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला आणि त्याला १९५४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत रौप्यपदक मिळाले. स्वातंत्र्यानंतर मुंबईतही तोच योग आला. १८६९ मध्ये पूर्ण झालेले, गॉथिक वळणाचे क्रॉफर्ड मार्केट महात्मा जोतिबा फुले मंडई झाले. तिथल्या प्रवेशद्वारावर रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवूड किपलिंग यांनी घडवलेल्या शिल्पपट्टीत राबणारे शेतकरी आहेत. दारात दगडाचा शेतकरी, पाटीवर फुल्यांचे नाव. ‘असूड’ वाचलेल्याला तिथे क्षणभर थांबावेसे वाटेल.

ज्या खर्चाला विरोध केला, त्याच खर्चावर आपले नाव लागणे हे फुल्यांना आवडले असते का? माहीत नाही. अत्र्यांची दृष्टी मात्र समजते. गव्हर्नरच्या नावाची इमारत भाजीवाल्यांची व्हावी, असा तो बदल होता आणि भाजीवाल्याच्या घरातला त्याहून मोठा माणूस पुण्याकडे नव्हता.

आता त्या इमारतीभोवती आठवणींचे दाट जाळे आहे. मंडई विद्यापीठ म्हणून ओळखला जाणारा तिथला राजकीय कट्टा, शारदा-गजानन, श्रावणातली फुलांची रास, आजोबांचे बोट धरून केलेली आंब्याची खरेदी. सप्टेंबर २०२४ मध्ये खाली भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले, तेव्हा वरच्या दगडी इमारतीला धक्का लागू नये ही पुणेकरांची काळजी होती. जिला उधळपट्टी म्हटले गेले, ती वास्तू आज जपायची ठेव आहे.

पगडी विकत घेता येते का?

घेता येते. फुल्यांचा पोशाखही आता बाजारात आहे. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्याशेजारी दुकानांत आणि संकेतस्थळांवर फुले पगडी मिळते. जून २०१८ मध्ये शरद पवार यांनी पुण्यातील सभेत यापुढे सत्काराला पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरण्याची सूचना कार्यकर्त्यांना केली आणि डोक्यावर काय घालायचे हा राजकीय प्रश्न झाला. जानेवारी २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात पगडीवरूनच विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. वेश कोणाच्या बाजूने बोलतो हा वाद शहरात अजून संपलेला नाही.

मात्र या सगळ्यात सत्काराला येते ती पगडी. मेजवानीत नेलेली घोंगडी कोणी पाहुण्यांच्या खांद्यावर घालत नाही. कदाचित ती छायाचित्रात तितकी शोभत नसावी.

मार्केट यार्डात त्या गाडीचे काय झाले?

शहर वाढले, मंडई आणि भवानी पेठ-नाना पेठेतील गल्ल्या घाऊक व्यापाराला अपुऱ्या पडल्या आणि तो व्यापार टप्प्याटप्प्याने गुलटेकडीला गेला. १९६३ च्या बाजार समिती कायद्याखाली चालणाऱ्या या आवाराचे नाव श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड. तिथे मनोरा नाही, कमानी नाहीत. गाळे, पत्र्याची छपरे, वजनकाटे आणि रस्त्यावर सडलेल्या पाल्याचा वास. वेगळा फूल बाजारही आहे. फुल्यांच्या घराण्याने ज्या धंद्यावर आडनाव कमावले, तो धंदा आता इथे पहाटे बोलीवर चालतो.

‘असूड’मधल्या गाडीचा हिशेब इथे आणून पाहता येतो. वेशीवरची जकात पुण्यात २०१३ मध्ये बंद झाली. फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये घेतला. आडत्यांनी त्याविरोधात बाजार बंद ठेवले होते. पुस्तक लिहून झाले १८८३ मध्ये, आणि त्यातल्या दोन तक्रारींवर कागदोपत्री उपाय व्हायला १३० वर्षे लागली. गाडीभाडे अंगावर पडणे मात्र थांबलेले नाही. भाव कोसळले की कांदा-टोमॅटो-कोथिंबीर रस्त्यावर ओतल्याची छायाचित्रे आजही दर एक-दोन वर्षांनी छापून येतात.

यार्डातल्या पाठीवरच्या ओझ्याचा प्रश्न हाती घेतला तो फुल्यांनाच गुरू मानणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांनी. त्यांच्या हमाल पंचायतीने पन्नासच्या दशकापासून हमालांची संघटना बांधली. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि हमालाच्या मजुरीची नोंद, भविष्यनिर्वाह निधी, पोत्याच्या वजनावर मर्यादा असे विषय कायद्याच्या आणि वाटाघाटीच्या टप्प्यात आले. पंचायतीने कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या दरात जेवण देणारी ‘कष्टाची भाकर’ केंद्रे सुरू केली. आढाव हे समतेच्या चळवळीत फुले वाड्याच्या जतनासाठीही झटले. गंज पेठेचे नाव आता महात्मा फुले पेठ आहे. तो साधा, बैठा वाडा राज्य संरक्षित स्मारक असून अंगणात फुल्यांच्या अस्थींवर बांधलेले वृंदावन आहे. वाड्याजवळ कोणताही मनोरा नाही.

स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या भुयारी मेट्रोला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली असून त्या मार्गावर मार्केट यार्ड हे स्थानक आहे. ते झाले की मंडईतून खाली उतरलेला माणूस एका गाडीने थेट यार्डात पोहोचेल. भाजी मात्र तेव्हाही टेम्पोनेच, पहाटे, उलट्या दिशेने येत असेल.